स्कोअरिंग अण्णा

आमच्या कॉलनीत कुणाचं मूल नववीतून दहावीत गेलं, की आईबाप आधी गणपतीला नारळ फोडतात आणि मग अण्णांकडे जातात. काही घरांत हा क्रम उलटा असतो.

अण्णा शिक्षक नाहीत. कधी नव्हते. वीज मंडळाच्या बिलिंग विभागात त्यांची उभी हयात गेली. २०१७ साली निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून लोकांच्या मुलांची दहावी करू लागले. फी घेत नाहीत. एक कप चहा, आणि निकाल लागल्यावर गुणपत्रिकेची एक झेरॉक्स, एवढीच त्यांची दक्षिणा. त्या झेरॉक्स वर्षवार फायलींत लावलेल्या असतात. कर्वेनगरातल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, जिथं इतर लोक देवांचे फोटो लावतात त्या फळीवर, या फायली आहेत. देव खाली, फ्रिजवर.

जगात गोष्टी दोनच प्रकारच्या असतात, स्कोअरिंग आणि नॉन-स्कोअरिंग, हे अण्णांचं मूळ तत्त्वज्ञान. भूमिती स्कोअरिंग, निबंध नॉन-स्कोअरिंग. पत्रलेखन स्कोअरिंग, रसग्रहण बेभरवशाचं. ही वाटणी पुढं पुढं शाळेबाहेरही पसरली. एका लग्नात पंगतीला मी त्यांच्या शेजारी होतो. मी मठ्ठ्याची वाटी उचलली तशी त्यांनी माझा हात धरला. ‘मठ्ठ्यात वेळ घालवू नका. जिलबी गरम आहे तोवर तिच्याकडं बघा, स्कोअरिंग आयटम आहे.’ स्वतःच्या मुलासाठी स्थळं बघतानाही त्यांनी मुलींच्या गुणपत्रिका मागवल्या होत्या म्हणतात. खरंखोटं काकू जाणोत. त्या यावर नुसत्या हसतात आणि आणखी चहा टाकतात.

या वेडाला एक मूळ आहे, आणि ते भूगोलात आहे. महाराष्ट्रात दहा अधिक दोनची पद्धत आली तेव्हा १९७५ साली जुन्या अकरावीची शेवटची मॅट्रिक आणि नव्या दहावीची पहिली परीक्षा अशा दोन्ही एकाच वर्षी झाल्या. अण्णा त्या पहिल्या दहावीचे. त्या काळी साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास मिळायचा आणि साठ टक्क्यांना गल्लीत पेढेही वाटले जायचे. अण्णांचा फर्स्ट क्लास तीन मार्कांनी हुकला. कारण भारताच्या नकाशात त्यांनी नर्मदा नेऊन बंगालच्या उपसागराला मिळवली. पुढं केव्हातरी ते काकूंना घेऊन ओंकारेश्वरला गेले. काकू सांगतात, दर्शनाची रांग पुढं सरकत होती आणि हे घाटावर उभे राहून पाणी कुठल्या दिशेनं जातंय तेच बघत होते. पश्चिमेला जातंय याची खात्री झाल्यावर म्हणाले, ‘हिनं तीन मार्क खाल्ले.’

अण्णांचा पहिला धडा जूनमध्ये असतो आणि तो पुस्तकाविषयी नसतो, उत्तरपत्रिकेविषयी असतो. जेवणाच्या टेबलावर मेणकापड पसरून त्यावर कोरे आखीव कागद ठेवलेले असतात. मुलानं समास आखायचा, प्रश्न क्रमांक समासात घालायचा, प्रत्येक प्रश्न नव्या पानावर सुरू करायचा. महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ पेन्सिलीनं, पट्टी लावून. पट्टी नसलेली रेघ त्यांना सहन होत नाही. मग ते चष्मा कपाळावर चढवून सांगतात, ‘हे बघ, उन्हाळ्याचे दिवस आहेत. तपासणाऱ्या बाईंच्या पुढ्यात हा एवढा गठ्ठा आहे. पंखा एकच, तो पण हळू. बाईंना घरी जाऊन कुकर लावायचाय. त्या तुझं उत्तर वाचणार आहेत का? नाही. त्या ते बघणार आहेत. मुद्दा दिसला तर मार्क. वाचावा लागला तर गेलास.’

मी एकदा तिथं बसलो होतो. मुलानं शंका काढली, ‘पण अण्णा, मुद्दा चुकीचा असला तर?’ अण्णांनी क्षणभर विचार केला. प्रामाणिक माणूस आहे. म्हणाले, ‘रेघ सरळ असेल तर अर्धा मिळेल.’

विषयांची निवड हा तर त्यांचा खास प्रांत. दुसरी भाषा म्हणून हिंदी की संस्कृत, असा सवाल आला की ते पुस्तकांची नावं घेऊनच बोलतात. संपूर्ण संस्कृतचं पुस्तक ‘आमोद’, संयुक्तचं ‘आनंद’. ‘आमोद घ्या. आनंद नको. आनंदात पन्नासच मार्क आहेत.’ हे वाक्य ते इतक्या गंभीरपणे म्हणतात, की ऐकणारा पालकही मान डोलावून ‘नको, नको, आनंद नको’ म्हणत घरी जातो. शंभरपैकी शंभर मिळवलेल्या त्यांच्या एका शिष्याला मी सहज विचारलं, कालिदासाचं काही वाचलंस का रे? तो म्हणाला, ‘काका, तो पोर्शनला नव्हता.’ उत्तर चोख होतं. मीच प्रश्न पोर्शनबाहेरचा काढला होता.

मग बेस्ट ऑफ फाइव्ह. २०१० साली हा प्रकार आला, उच्च न्यायालयात अडकला, सर्वोच्च न्यायालयात सुटला, आणि अण्णांना तो निकाल तोंडपाठ आहे. सहा विषय शिकायचे, त्यातले ज्यात जास्त मार्क पडले असे पाच मोजायचे. ज्या विषयात कमी पडले तो आपोआप गळतो, हा नियम. अण्णा आपोआप काही होऊ देत नाहीत. कुठला विषय गाळायचा हे ते जूनमध्येच ठरवतात. मुलाची आठवी-नववीची प्रगतिपुस्तकं समोर घेऊन, बराच वेळ बघून, हलक्या आवाजात म्हणतात, ‘याचं विज्ञान सोडू या.’ आईच्या डोळ्यांत पाणी येतं, कारण मुलाला डॉक्टर करायचं असतं. ‘डॉक्टर नीटनं होतो, वहिनी. दहावीच्या विज्ञानानं कुणी डॉक्टर झालेला मी बघितला नाही.’

याशिवाय वरचे मार्क. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळाली तर दहावीला सात, ‘ब’ला पाच, ‘क’ला तीन. या सात मार्कांपायी कॉलनीतली सगळी पोरं चित्रकार झाली. स्मरणचित्राला विषय काय येईल सांगता येत नाही, म्हणून अण्णांनी एका ड्रॉइंगच्या मास्तरांना धरून एकच चित्र बसवून घेतलं. डावीकडं झाड, झाडाखाली पाठमोरी बाई, तिच्या कडेवर मूल, उजवीकडं छत्रीवाला म्हातारा, मागं दोन घरं. विषय ‘बाजार’ आला तर बाईपुढं टोपली ठेवायची. ‘बसस्टॉप’ आला तर म्हाताऱ्यामागं खांब उभा करायचा. ‘जत्रा’ असली तर घरांच्या मध्ये पाळणा आणि ‘पावसाळी दिवस’ असला तर छत्री आहेच. बाई पाठमोरी का, तर चेहरा काढायला वेळ जातो. या चित्रानं कॉलनीला किती ‘अ’ मिळवून दिले त्याला गणती नाही. परवा एका मुलाला त्याच्या आजोबांनी विचारलं, तुला काय काय काढता येतं रे? तो म्हणाला, ‘एक बाई येते. पाठमोरी.’

सगळे मार्क धरून टक्के शंभरापर्यंत जातात. त्यापुढं बोर्ड देत नाही, ही अण्णांची बोर्डाविषयीची जुनी तक्रार. २०२५च्या निकालात राज्यात २११ मुलांना शंभर टक्के पडले, त्यातले ११३ एकट्या लातूर विभागाचे. हा आकडा सांगताना अण्णांचा स्वर पंढरीच्या वारकऱ्यासारखा होतो. लातूरला ते खास जाऊनही आले. परत आल्यावर मी विचारलं, काय पाहिलंत? म्हणाले, ‘२०१६ साली तिथं प्यायला पाणी नव्हतं, मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं. मार्क मात्र एक बाहेरून आणलेला नाही.’

आता कुणी म्हणेल की अशा माणसाला धर्म नाही, मिळतील तितके मार्क हाच त्याचा देव. माझाही तसा समज होता, पण मधली चारपाच वर्षं मी त्यांना जवळून पाहिलं. २०१९ साली भाषांचे शाळेच्या हातातले वीस मार्क काढून घेतले आणि आदल्या वर्षी ८९.४१ असलेला राज्याचा निकाल ७७.१० वर आला. अण्णांनी त्या वर्षी आंबा खाल्ला नाही. पुढच्या वर्षी वीस मार्क परत आले, निकाल ९५.३० लागला. मुलं तीच, मास्तर तेच, मराठी तेवढंच कच्चं. वर्षभरात महाराष्ट्र अठरा टक्क्यांनी हुशार झाला म्हणून मी त्यांचं अभिनंदन केलं, तर ते हसले नाहीत. कारण त्याच वर्षी करोनामुळं भूगोलाचा पेपर रद्द झाला होता आणि त्याचे मार्क सरासरीनं दिले गेले होते. भूगोलाचे! नर्मदा कुठल्याही समुद्राला न मिळवता! पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे तीन मार्क त्या दिवशी त्यांना पुन्हा लागले.

आणि २०२१ साली तर परीक्षाच झाली नाही. नववीचे मार्क, दहावीचं शाळेतलं मूल्यमापन, अशी बेरीज करून निकाल लागला ९९.९५ टक्के. कॉलनीत पेढ्यांचे बॉक्स फिरत होते. अण्णांनी पेढा हातात घेतला, बघितला, आणि बशीत ठेवला. ‘मार्क पडले, पण पाडले नाहीत,’ एवढंच बोलले. त्या वर्षीची फाईल फळीवर नाही. काकू म्हणतात, माळ्यावर टाकलीय.

मी एकदा धीर करून मूळ मुद्द्याला हात घातला होता. म्हटलं, अण्णा, या सगळ्यात पोरं शिकतात काय? ते रागावले नाहीत. ‘शिकायला अख्खं आयुष्य आहे हो. दहावी एकदाच असते.’ मला पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. पुण्यात अकरावीच्या प्रवेशयादीकडं डोळे लावून जो बसलाय, त्याला तर नाहीच सुचणार. नावाजलेल्या कॉलेजांची यादी नव्वदीच्या पार वरच्या टोकाला बंद होते, आणि तिथं अर्ध्या टक्क्यात शेकडो पोरं उभी असतात. त्या अर्ध्या टक्क्यात कोण जास्त शिकला हे ठरवायला कुणी बसलेलं नाही, तिथं पट्टीनं मारलेली रेघच कामाला येते. अण्णांनी हा खेळ मांडलेला नाही. मांडलेला खेळ ते नीट खेळतात, आणि फुकट शिकवतात. मला राग येतो तो त्यांच्या शांतपणाचा.

त्यांचा शांतपणा ढळलेला मी एकदाच पाहिला, आणि तो वरच्या मजल्यावरच्या मुक्तामुळं.

मराठीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली एक प्रश्न ‘स्वमत’ म्हणून असतो. घोकंपट्टी बंद व्हावी, मुलांनी स्वतःचा विचार लिहावा, म्हणून तो आणला. हेतू चांगला होता. त्याच वर्षी अप्पा बळवंत चौकात गाइडं आली, त्यांत सगळी स्वमतं छापून तयार होती. अण्णा मुलांना सांगतात, ‘तुझं मत त्रेसष्टाव्या पानावर आहे, उद्या पाठ करून ये.’ आणि मुलं येतात. कुमारभारतीच्या पुस्तकात ‘आजी : कुटुंबाचं आगळ’ हा महेंद्र कदमांचा धडा आहे. मुक्तानं पहिल्याच दिवशी विचारलं, आगळ कशी असते? आमच्या इमारतीत सगळ्यांना सेफ्टी डोअर आणि लॅच. अण्णा म्हणाले, ‘अगं, आगळ बघायची गरज नाही. शीर्षकाची समर्पकता, तीन मार्क. आजी घराला धरून ठेवते, आगळ दाराला धरून ठेवते. म्हणून शीर्षक समर्पक. तीन मुद्दे, तीन रेघा.’

‘पण अण्णा, हे माझं मत नाही.’

‘तुझं मत तू पेपर झाल्यावर ठेव ना. कोण नको म्हणतंय?’

मुक्ता ऐकणाऱ्यातली नव्हती. परीक्षेत कुटुंबातल्या आजीच्या स्थानाबद्दल स्वमत विचारलं, आणि तिनं राजापूरजवळच्या गावातल्या तिच्या आईच्या आईबद्दल लिहिलं. मुद्दे नाहीत, रेघा नाहीत. तीनपैकी एक मार्क पडला. एकूण टक्के उत्तम होते, पण अण्णांच्या हिशेबात दोन मार्कांची गळती होती आणि अशी गळती ते सोडत नाहीत. विषयाला चारशे रुपये भरून त्यांनी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. गुणपडताळणी, छायाप्रत, पुनर्मूल्यांकन, या तिन्हींचे फॉर्म त्यांच्या ड्रॉवरमध्ये कायम असतात.

छायाप्रत आली तेव्हा मी योगायोगानं तिथंच होतो. अण्णांनी पट्टी घेतली, ओळीखाली ठेवली आणि नेहमीप्रमाणं मुद्दे शोधू लागले. मुद्दे सापडेनात. तेव्हा नाइलाजानं ते वाचू लागले.

मुक्तानं लिहिलं होतं, की आजी विहिरीवर पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ती ओटीवरच्या खाटेवरून हलली नाही, पण घर तिनं काठीनं चालवलं. जमिनीवर काठी एकदा आपटली की चहा, दोनदा आपटली की गाय सोडा, आणि तीनदा आपटली की मामा-मामींनी भांडण थांबवायचं. रात्री सगळी निजली की ती काठी लांब करून एकेका नातवंडाच्या पायाला लावायची आणि मोजायची. एकदा एक कमी भरला म्हणून तिनं इतकी काठी आपटली, की सगळा वाडा उठला. मुक्ता संडासला गेली होती. आजी गेल्यावर मामानं ती काठी दाराला आडवी लावायला घेतली, कारण जुनी आगळ वाळवीनं खाल्ली होती.

अण्णांनी पट्टी बाजूला ठेवली. पान उलटून पाहिलं. पुढच्या पानावर व्याकरण होतं. ‘मग? अजून आहे ती काठी दाराला?’ त्यांनी मुक्ताला विचारलं. ती म्हणाली, आहे की. गेल्या उन्हाळ्यात मी पाहिली. अण्णा काही वेळ नुसते बसले. काकूंनी आणलेला चहा गार झाला. मी इतक्या वर्षांत त्यांना कुठल्याही उत्तराचा शेवट विचारताना पाहिलं नव्हतं.

मग ते उठले आणि त्यांनी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरला. तो असा काही कळकळीनं भरला, की बोर्डाला आपल्याच आजीची आठवण यावी. निकाल आला. तीनपैकी तीन.

मला वाटलं, आता अण्णा बदलले. मनातल्या मनात मी त्यांच्याबद्दल चार चांगले शब्दही जुळवून ठेवले होते. पण अण्णांच्या दृष्टीनं घडलं ते एवढंच, की एका उत्तराचे तीनपैकी तीन मार्क अधिकृतपणे सिद्ध झाले. बोर्डानं दोनदा बघून दिलेले. असं उत्तर गाइडातसुद्धा मिळत नाही. जूनमध्ये त्यांनी त्या पानाच्या चौदा झेरॉक्स काढल्या, काठीच्या एक, दोन, तीन या तीन मुद्द्यांखाली पट्टीनं रेघा मारल्या, आणि नव्या तुकडीला वाटल्या.

त्या वर्षी कॉलनीतल्या चौदा मुलांच्या आज्या राजापूरजवळ विहिरीवर पडल्या. संध्याकाळी जिन्यातून जाताना घराघरांतून ऐकू यायचं, ‘आजी गेल्यावर मामानं ती काठी...’ ज्यांना मामा नव्हते त्यांनीही मामा पाठ केले. मुक्ताचं तेव्हा अकरावीचं वर्ष होतं. तिनं ऐकलं तेव्हा ती आधी चिडली, मग पायरीवर बसून पोट धरधरून हसली, आणि वर जाऊन तिनं आईला गावी फोन लावायला सांगितलं.

तक्रार आली ती तळमजल्यावरून. तिथल्या वहिनींचं वय बाहत्तर, रोज सकाळी योगासनांना जातात, संध्याकाळी भाजी स्वतः आणतात. त्यांचा नातू बाल्कनीत येरझारा घालत मोठ्यानं पाठ करत होता, ‘माझी आजी गेली तेव्हा...’ वहिनी हातातली मेथीची जुडी तशीच घेऊन अण्णांच्या दारात उभ्या राहिल्या.

‘अण्णा, मी जिवंत आहे.’

‘देव तुम्हाला शंभर वर्षं देवो, वहिनी. पण बोर्डाला काय माहीत?’

वहिनींनी कागद मागितला. दारातच उभं राहून, कागद लांब धरून, सगळा वाचला. मध्ये एकदा डोळे पुसले. मग म्हणाल्या, ‘लिहिलंय छान पोरीनं. मी मेले तर मेले, माझी हरकत नाही. पण विहीर काढा. मी जन्मात विहिरीवर गेले नाही. गेल्या दिवाळीत बाथरूममध्ये पडले होते, ते घाला. तेवढं तरी पोराचं खरं होईल.’

अण्णांनी तीनपैकी तीन लिहिलेली ती झेरॉक्स त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली आणि फायलीत लावली.

‘वहिनी, विहिरीला मार्क आहेत. बाथरूमला नाहीत.’